डावी वादी

राजधानीतल्या सान तेल्मो भागातल्या त्या नाचघरात पाऊल टाकल्यापासून डॉन एवारिस्तोचं तोंड वाकडं होतं. मांस जास्त शिजलेलं, वाइन नको तितकी गार, आणि टँगो नाचणाऱ्या पोरींचं लक्ष जोडीदारापेक्षा दिव्यांकडे. दूरच्या हाचाल गावाहून पेन्शनवाल्यांची सहल बसमध्ये सोळा तास कंबर मोडून घेत राजधानीत आली होती. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'जेवण आणि नाच' एवढंच छापलं होतं. कुठल्या नाचघरात, हे एडेल्मिराला ठाऊक होतं आणि तिने नवऱ्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याने दारावरची पाटी वाचली तोवर बस निघून गेली होती.

"फसवून आणलंस मला," तो म्हणाला.

"मग काय विचारून आणणार होते? विचारलं असतं तर आला असतास?" एडेल्मिराने पाव मोडून अर्धा त्याच्या ताटात टाकला. "चार वर्षं झाली, म्हाताऱ्या. पोराला नुसतं बघ, टाळ्या वाजव. हात काही झिजायचे नाहीत तुझे."

पोर म्हणजे लिसांद्रो. नवव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत यांच्या अंगणात वाढलेला. मालांबो हा टाचा-चवड्यांचा पुरुषी नाच तो एवारिस्तोकडे शिकला, आणि त्याहून अवघड असा गोळ्यांचा खेळही: दोन हातांत चामड्याच्या दोन वाद्या, प्रत्येकीच्या टोकाला शिवलेला एक टणक गोळा, ते गरगर फिरवत जमिनीवर पायांच्या ठेक्यात आपटायचे. प्रांताची स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना तो या नाचघराची नोकरी धरून निघून गेला. जाताना पाया पडावं तसा समोर उभा राहिला, तर एवारिस्तो सगळ्या पोरांसमोर म्हणाला होता, "जा, पर्यटकांपुढे माकड हो." तो शब्द लिसांद्रोला लागला तेवढाच बोलणाऱ्याच्याही घशात अडकून बसला होता. पण कबूल कोण करणार? एवारिस्तो तर नाहीच.

ताटं उचलायला आलेला वाढपी बोलका होता. एडेल्मिराने विचारायचा अवकाश, त्याने नाचघरातल्या सगळ्या भानगडी चव्हाट्यावर आणल्या. बारपाशी कोट घालून उभे आहेत ते मालक, सालगेरो. गेल्या वसंतात एका नाचणाऱ्याच्या बुटाच्या टाचेचा लोखंडी काटा पाहुण्याच्या पोटरीला लागला, तर गाणं संपायच्या आत त्याचं सामान फुटपाथवर. "आणि मालकांचा शब्द शहरभर चालतो हो. तो नाचणारा आता गावाकडे ट्रकवर हमाली करतो म्हणे."

"तुमचा लिसांद्रो कसा आहे?" एडेल्मिराने विचारलं.

"तो? तो तर सोनं आहे."

एवारिस्तोने खिडकीबाहेर बघितलं, पण कान तिकडेच होते.

टँगो संपला. ढोल वाजला, आणि लिसांद्रो आला. खांदे भरले होते पोराचे. पहिल्याच गिरकीत त्याची नजर त्यांच्या टेबलावर पडली आणि टाच क्षणभर अडली. हॉलमध्ये कुणाला कळलं नसेल, एवारिस्तोला कळलं. त्यानंतर पोर जे नाचलं ते साऱ्या हॉलसाठी नव्हतं, एका टेबलासाठी होतं. रागाने नाचत होता. चांगला नाचत होता. टेबलाखाली म्हाताऱ्याचा हात आपल्याच मांडीवर ठेका धरत होता आणि एडेल्मिरा ते बघून न बघितल्यासारखं करत होती.

मग सूत्रधाराने गोळ्यांचा खेळ पुकारला आणि धीट पाहुणा कोण आहे असं विचारलं. दातांत गुलाब धरून उभं राहायचं, बाकी नाचणारा बघून घेईल. तीन फेरे: पहिला पाठीमागून, दुसरा डोक्यावरून, आणि तिसऱ्यात गोळा फुलाच्या पाकळ्या घेऊन जातो. पुढच्या टेबलावरचे दोन-तीन जण हसत उठायला लागले होते. लिसांद्रो त्यांना ओलांडून सरळ इकडे आला.

"काकू, येता?"

एडेल्मिरा लाजून लाल झाली. अंगणात पोराच्या सरावासाठी वेताची काडी दातांत धरून उभी राहायची ती हीच, एका हाताने पोळीला पीठ मळता मळता. "दात तरी शिल्लक आहेत की नाहीत बघावं लागेल," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून गेलीसुद्धा. लिसांद्रोने मास्तरकडे मान वळवली नाही.

पहिला फेरा सुरू झाला. टक्-टक्, टक्-टक्. एवारिस्तोने डोळे मिटले. गोळे त्याने नेहमी कानाने बघितले. टक्-टक्. टक्-थप्.

त्याने डोळे उघडले.

टक्-थप्. डावा गोळा जरा आधी पडत होता, आणि जड. मजबूत वादी असं बोलत नाही. गाठीपाशी चामडं तुटत आलं की वादी ताणते, बोटभर लांब होते, आणि मग गोळा जमीन लवकर गाठतो. बोटभर. लिसांद्रो डावखुरा. गुलाब तो डाव्या हातानेच उडवणार, आणि गुलाबाच्या मागे बोटभर अंतरावर एडेल्मिराचं नाक, गाल, डोळा.

दुसरा फेरा चालू झाला. तिचे केस वाऱ्याने हलले, आणि ती बया डोळ्यांनी हसत होती.

ओरडायचं? 'वादी तुटतेय' म्हणून ओरडलं तर बारपाशी सालगेरो उभा होता. पोराचं सामान आज फुटपाथवर. आणि नावाने हाक मारली तर त्याहून वाईट. फिरत्या नाचणाऱ्याला हाक मारली की मान वळते, मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर हात. हे त्याने स्वतः पोरांना शंभरदा सांगितलं होतं. धावत जायचं? मध्ये आठ टेबलं, आणि त्याचे गुडघे बसने खाल्लेले.

मग तो खुर्चीवर चढला. पासष्ट वर्षांचा माणूस, हातात गार वाइनचा ग्लास, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "आरो! आरो! आरो!"

त्याच्या मुलखात हा शब्द लहान पोरालाही कळतो. भर नाचात कुणी 'आरो' म्हटलं की वाजवणारे थांबतात, नाचणारे थांबतात. ओरडणाऱ्याने ग्लास घेऊन पुढे यायचं, चार ओळी म्हणायच्या, कधी कौतुकाच्या, बहुतेक वेळा टोमण्याच्या, आणि ज्याला म्हटल्या त्याने तो ग्लास रिकामा करायचा. वैऱ्याचाही ग्लास नाकारत नाहीत. पण हे राजधानीत कुणाला माहीत? ढोलवाला वाजवतच राहिला. मागून कुणीतरी "खाली बसा, आजोबा" म्हणालं. सालगेरोने दाराकडे बोट केलं आणि तिथला पहारेकरी निघाला.

लिसांद्रोने मात्र ऐकलं होतं. त्याचा जबडा आवळला. टोमणा मारायला आलाय म्हातारा, चार वर्षांनी, हजार किलोमीटरवरून, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्याने वेग वाढवला. टक्-थप्, टक्-थप्. डावा हात वर गेला, तिसऱ्या फेऱ्यासाठी.

"आरो!" एवारिस्तोचा आवाज फाटला. "आरो म्हटलंय मी!"

आणि पाय थांबले. मनाने थांबला नसता तो. पायांना दहा वर्षांची सवय होती. गोळे मनगटांवर गुंडाळले गेले. ढोल दोन ठोके एकटाच वाजला आणि गोंधळून बंद पडला.

एवारिस्तो टेबलांमधून पुढे गेला. ग्लासातली अर्धी वाइन बाहीवर सांडली. एडेल्मिरा दातांत गुलाब तसाच धरून त्याच्याकडे अशी बघत होती की घरी गेल्यावर याची धडगत नाही. लिसांद्रो ओठ न हलवता म्हणाला, "इथंही माकड करायला आलात, मास्तर?"

एवारिस्तोला उत्तर देता आलं असतं. पण पहारेकरी चार पावलांवर होता, त्याच्यामागे मालक. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी पाठ केलेल्या माणसाला आज स्वतःच्या जुळवायच्या होत्या. तो जिभेवर येईल तसं म्हणाला:

"जुळ्या बहिणी नाचती अंगणात,
डावी वाढली बोटभर रातोरात;
घोट घे पोरा, घे तिला हातात,
उजवीच्या शेजारी धर मापात."

दोन-चार पर्यटक हसले, एकाने टाळी दिली. त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. लिसांद्रोने ग्लास घेतला, कारण तो नाकारत नाहीत. एका दमात संपवला. तो ग्लास परत देता देता त्याचा डावा अंगठा सवयीने वादीवरून खाली उतरला, गाठीपाशी पोचला आणि तिथेच राहिला. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना एवारिस्तोने बघितलं. चामड्याचा एकच पापुद्रा उरला होता.

"काय तमाशा आहे हा?" सालगेरो आला. "लिसांद्रो, ओळखतोस याला?"

पोराने तोंड उघडलं. खरं बोलणार होता तो, ओळखीचंही आणि वादीचंही. लहानपणापासून खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि आता तर ते पांढरेफटक होते.

"कसा ओळखेल?" एवारिस्तो मध्येच म्हणाला आणि मुद्दाम जरा झुलला. "मी हाचालचा. आमच्याकडे अशी वाइन मिळत नाही, साहेब. जरा जास्त झाली."

सालगेरोने पहारेकऱ्याला खूण केली. तेव्हा एडेल्मिराने तोंडातला गुलाब काढला. तिला वाटत होतं तेच वाटलं असणार सहलीतल्या साऱ्या गाववाल्यांना: म्हाताऱ्याला पोराच्या टाळ्या सहन झाल्या नाहीत. "एवा–" एवढं तिच्या तोंडून निघालं, आणि लिसांद्रोने मालकाकडे पाठ करून डाव्या वादीची गाठ तिच्या तळहातावर ठेवली.

दहा वर्षं त्या वाद्यांना चरबी चोळणारे हात होते ते. तिने बोटांनी गाठ चाचपली. मग दुसरा हात आपोआप गालावर गेला. नवऱ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि मालकाच्या कोटाकडे बघितलं.

"तुमच्याबरोबर आहेत का हे, बाई?" सालगेरोने विचारलं.

"हा?" एडेल्मिरा म्हणाली. "छे हो! बसमध्ये शेजारी बसला होता. सोळा तास घोरला मेला. न्या त्याला." आणि गुलाब परत दातांत धरायच्या आधी म्हणाली, "पण खेळ पुरा करा. मी फुकट उभी नाही राहिले. पोरा, तुझ्याकडे दुसऱ्या वाद्या असतील ना? या चांगल्या दिसत नाहीत दिव्यात. कोऱ्या आण."

'चल इथून' असं एवारिस्तोला तिला म्हणायचं होतं. खेळ अर्धा राहिला तर मालक कारण शोधेल, वादी हातात घेईल, हे तिने ताडलं होतं. पण म्हणून परत उभं राहायचं? ज्या हाताने आत्ता तिचा डोळा घेतला असता, त्याच हातापुढे? त्याने लिसांद्रोकडे बघितलं. पोराची बोटं थरथरत होती, अगदी स्पष्ट.

"चला, आजोबा," पहारेकरी म्हणाला. माणूस दांडगा होता पण दंड हलकाच धरला.

"मला दारापाशी उभं राहू दे. आत नाही येत. फक्त ऐकू दे."

"काय ऐकायचंय?"

"ऐकू दे रे, बाबा."

दार बंद झालं. फुटपाथवर मोटारी जात होत्या, एका खिडकीतून कुणाचा तरी रेडिओ लागला होता, आणि एवारिस्तो लाकडाला कान लावून उभा होता. आत ढोल परत सुरू झाला. कोरी वादी कडक असते, तिला हाताची ओळख नसते. थरथरत्या हाताला तर ती अजिबात दाद देत नाही. पोराने ताणून बघितली असेल का? गाठीवर अंगठा फिरवला असेल का? तिकडे मालक घाई करत असेल. हे एक काम त्याने कधी कुणावर टाकलं नव्हतं. स्पर्धेआधी साऱ्या पोरांच्या गाठी स्वतः बघायचा, लिसांद्रोच्या दोनदा. दोनदा बघायचा म्हणूनच पोर कधी स्वतः बघायला शिकलं नाही, हे त्याला त्या दारापाशी प्रथमच कळलं.

टक्-टक्.

पहिला फेरा. टक्-टक्, टक्-टक्. एकसारखे. दुसरा. मोटारीचा भोंगा वाजला आणि दोन ठोके बुडाले. त्याने त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टक्-टक्. मग ठोके थांबले, म्हणजे डावा हात वर गेला. फिरत्या गोळ्याचा आवाज दारातून येत नाही. काहीच येत नव्हतं. एवारिस्तोने पहारेकऱ्याची बाही मुठीत धरली आणि त्यानेही सोडवून घेतली नाही.

टाळ्या उठल्या.

"झालं, आजोबा," पहारेकरी म्हणाला.

एवारिस्तो पायरीवर खाली बसला. टाळ्यांचं काय, चुकल्यावरही मूर्ख लोक क्षणभर टाळ्या वाजवतात. त्याने दाराकडे पाठ केली, बघायची हिंमत होईना. बऱ्याच वेळाने दार उघडलं, आणि ओळखीच्या चपला त्याच्या शेजारी येऊन थांबल्या. मग एडेल्मिरा पायरीवर बसली. तोंड जसंच्या तसं होतं, नाक, गाल, दोन्ही डोळे. हातात नुसता देठ.

"कितीदा फिरवला अंगठा?" त्याने विचारलं.

"तीन तीनदा. दोन्ही गाठींवर, माझ्यासमोर. मालक घाई कर, घाई कर म्हणत होता, तर म्हणाला, थांबा जरा."

"आणि हात? हात थरथरत होता त्याचा."

"डोळे वाहत होते," एडेल्मिरा म्हणाली. "हात नाही हलला."

एवारिस्तोने तिच्या हातातला देठ घेतला आणि तिथेच, फुटपाथवर, परक्या पहारेकऱ्यासमोर हुंदके देऊन रडायला लागला.