वस्त्रगाळाहून बारीक

मी धोतराचा एक जुना तुकडा आहे. हळदीने इतका पिवळा झालोय, की मूळचा पांढरा होतो हे कुणाला पटत नाही. चौसाळ्यात मन्मथप्पांचं काष्ठौषधींचं दुकान आहे. त्यांचंच ते धोतर. विरलं तेव्हा त्यांच्या बायकोने, नीलाबाईंनी, ते फाडलं आणि मला डब्याच्या तोंडावर ताणून बांधलं. मित्रांनो, माझ्यातून उतरलेल्या हळदीला गिऱ्हाइकं 'वस्त्रगाळ' म्हणायची. याहून बारीक जगात काही नसतं, असं अप्पा सांगायचे आणि मी फुगायचो.

पुढे त्यांची लेक प्रणिता औषधशास्त्र शिकायला औरंगाबादला गेली. सुट्टीला आली की तोंडी एकच कौतुक, तिथल्या यंत्राचं. हळदीतला औषधी अंश पाण्यात विरघळत नाही, म्हणून अंगाला पुरता लागत नाही. ते यंत्र म्हणे त्याचे इतके बारीक कण करतं, की केसाच्या जाडीचे हजार भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा. तिथल्या प्रयोगात त्या कणांनी कॅन्सरच्या पेशी जास्त मेल्या. माझा नुसता जळफळाट झाला. मेल्या यंत्राला ना सूत, ना वीण! ते कण माझ्यातून आरपार गेले असते तरी मला कळलं नसतं, याचा तर जास्तच राग.

एका दिवाळीत नीलाबाईंच्या छातीत गाठ हाताला लागली. प्रणिता दवाखान्यात चल म्हणाली, तर बाईंनी मला खुंटीवरून काढलं.

"हळदीनं मरतंय म्हन्लीस ना तूच? घरात वस्त्रगाळ हाय की. दवाखाना कावून?"

रोज सकाळी माझ्यातून हळद गाळायच्या आणि दुधातून घ्यायच्या. खरं सांगतो मित्रांनो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. यंत्र राहिलं तिकडे, बाईंनी मला निवडलं होतं. दोन महिने मी मिरवलो. दोन महिने गाठ वाढत होती.

शेवटी प्रणिताने मला डब्यावरून सोडलं.

"आई, त्या पेशी काचेच्या बशीतल्या होत्या. मानसाला आमी अजून काईच दिलं न्हाई. तू बशीत न्हाईस."

नीलाबाईंनी दुधाचा पेला बाजूला सारला. मग लुगडं बदलून निघाल्या.

ऑपरेशन झालं. नंतरच्या औषधांनी डोक्यावरचे सगळे केस गेले. नवा रुमाल टोचतो म्हणून बाईंनी मलाच मागून घेतलं. प्रणिताने मला उकळून, वाळवून त्यांच्या डोक्याला बांधलं.

त्या यंत्राचा हेवा मला अजून वाटतो. त्याचे कण उद्या खरंच कुणाच्या अंगी लागले, तर मी आणखी जळेन. पण तुम्ही गाठ अंगावर काढू नका, आणि माझ्या भरवशावर तर मुळीच राहू नका. माझ्या भरवशावर नीलाबाई गेल्याच असत्या.

परवापासून त्यांचे नवे केस मला खालून टोचतायत. केसाहून बारीक काय असतं ते यंत्राला ठाऊक. मला हे केस पुरेत.