तांब्याच्या तारेने बांधलेली चांदणी

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार जाहिरात होते. पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि या लग्नाला कोणाची हरकत असेल तर सांगा, म्हणतात. हरकत कधी कोणी घेत नाही. बायका तेवढ्यात नवरीची साडी बघून घेतात. चौऱ्याण्णव साली नाताळ नेमका रविवारी आला आणि माझी तिसरी जाहिरात नाताळच्या उपासनेत वाचायची ठरली.

माझं हे दुसरं लग्न. पहिला नवरा हनोख सात वर्षांपूर्वी शिरूर सोडून गेला तो गेलाच. जाताना माझा डावा हात मोडून गेला. इतकी वर्षं खबर नसलेल्या माणसाला कायदा मेलेला धरतो, असं वकिलाने सांगितलं, तेव्हा खरं तर मला रडू यायला हवं होतं. मी घरी येऊन पोटभर जेवले.

शांतवन दौंडच्या रेल्वे यार्डात कामाला, बोलायला कंजूष. एकदा नाताळची गाणी गात घरोघर फिरायच्या कॅरलच्या फेरीत त्याने न विचारता माझ्या हातातली गॅसबत्ती घेतली, कारण माझा डावा हात लवकर भरून येतो हे त्याच्या ध्यानात आलं होतं. माझा जीव त्याच्यावर जडला तो तिथेच.

अडचण होती ती सासूची. सिंधूबाई, हनोखची आई, एवढी वर्षं माझ्याजवळच राहत होती. मी तिला आत्याबाई म्हणते. लग्नाचं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. आमच्याबरोबर दौंडला चला म्हटलं, तर तिने भाकरी तव्यावर टाकली. हरकत घ्यायचा हक्क कोणाचा असेल तर तो तिचाच, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

पहिल्या जाहिरातीच्या दुसऱ्या दिवशी दारासमोरच्या कडुलिंबावर एक चांदणी लटकत होती. नाताळात चांदण्या घरोघर लागतात, त्यात नवल नाही. पण ही नुसत्या लाल पतंगी कागदाची, खालचं टोक हातभर लांब, आणि कामट्या सुतळीने नव्हे तर तांब्याच्या तारेने आवळलेल्या. हनोख मांडवगण फराट्याला विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. उरलेली तार तो कशालाही गुंडाळायचा, एकदा माझ्या मनगटालाही.

मी ती चुलीत घातली. कोणी लावली असेल, असं आत्याबाईला विचारलं. मला काय ठाऊक, म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

दुसऱ्या जाहिरातीनंतर तशीच चांदणी ओट्याच्या खांबाला आली. शांतवन दौंडहून एसटीने धावत आला आणि लग्न पुढे ढकलायचं का, असं त्याने विचारलं. मी चिडले. भीती वाटते म्हणून काय सुखाला लाथ मारू? मग मीही नाही ढकलत, म्हणाला. पोलिसांत जाऊन तरी काय सांगायचं, नाताळात कोणीतरी दाराशी चांदणी लावली?

नाताळच्या आदल्या दिवशी मी चर्च सजवून परतले, तर तिसरी चांदणी आतल्या खोलीत माझ्या खाटेवर ठेवलेली. त्या खोलीत जायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागतं, आणि तिथे आत्याबाई दिवसभर करंज्या तळत होती. तो येऊन गेला ना, मी विचारलं. तिने पुढची करंजी तेलात सोडली. तिचा ओठ फुटला होता. कढईतलं तेल उडालं, म्हणाली. तेलाने ओठ फुटत नाही, एवढं मलाही कळतं. पण लेकाला घरात कोणी घेतलं हेही कळत होतं, आणि मला तिची कीव आली नाही, राग आला.

सकाळी चर्च गच्च भरलं होतं. शेवटच्या बाकावर दाढी वाढलेला, मफलर गुंडाळलेला एक माणूस एक खांदा पाडून बसला होता. त्या खांद्यावरूनच मी ओळखलं. माझ्या शेजारच्या बायका वळून बघत होत्या, म्हणजे त्यांनीही ओळखलं होतं. पाळकसाहेब मात्र नुकतेच बदलून आलेले.

त्यांनी शांतवन आणि मनोरमा ही नावं वाचली आणि हरकतीचं विचारलं. मागे बाक करकरलं. हनोख उभा राहिला. तो तोंड उघडणार एवढ्यात माझ्या पुढच्या रांगेतून आत्याबाई उठली. आता मायलेक मिळून माझा संसार बुडवणार, असं मला वाटलं.

"सायेब, माजा हनोख मेलाय," ती म्हणाली. "आई हाय मी. माज्यापरीस कुनाला ठावं आसनार?"

मग मागे उभे आहेत ते गृहस्थ कोण, असं पाळकसाहेबांनी विचारलं. ती वळली. लेकाकडे तिने डोळे भरून पाहिलं.

"न्हाई वळखत म्या ह्यान्ला."

निम्मी मंडळी त्याला लहानपणापासून ओळखत होती. कोणी ब्र काढला नाही. तो आईकडे बघत बघत बाहेर गेला. ते बघणं मला माहीत होतं. माझा हात मोडण्याआधी तो तसाच बघत होता.

घरी आल्यावर मी तिच्या पाया पडले. घराला कुलूप लावा आणि आजच्या आज दौंडला चला, म्हणून रडले. शांतवननेही हात जोडले. तिने मला उठवलं, माझ्या हातावर करंजी ठेवली. मग खाटेवरची ती लाल चांदणी उचलून बाहेर नेली आणि स्वतःच्या हाताने कडुलिंबाला बांधली.

"तू जा बाय," ती म्हणाली. "त्यो येनार. दार उघडाया कुनीतरी पायजे."

शेवटच्या एसटीने आम्ही दोघंच निघालो.