देव्हाऱ्यातली सवत

माळवदाच्या सवण्यातून, छतातल्या झरोक्यातून उतरलेला हिवाळी उन्हाचा तिरपा खांब, त्यात तरंगणारी कापसाच्या तुसांची सोनेरी धूळ, आणि त्या धुळीलाही धक्का लागू नये म्हणून रोखून धरलेला एक श्वास: आमचे 'हे' मला आठवतात ते असे, भिंगावर वाकलेले.

गंगाखेडच्या निजामी मदरशात ते उर्दूतून विज्ञान शिकवत. घरी परतले की त्यांचे प्राण एका सागवानी पेटीत, कापसावर निजलेल्या भंगुरताऱ्यांत गुंतत. समुद्रतळीचा हा पाच हातांचा जीव. मध्ये वाटोळी चकती, आणि तिच्यातून सर्पासारखे वळवळत निघालेले, मणक्यावर मणका रचलेले हात. धक्का लागला की तुटणारे, जिवंतपणी पुन्हा उगवणारे. तारामाशाचा हात चकतीतूनच हळूहळू निमुळता होत जातो, ह्याचा मात्र आणून जोडल्यासारखा वेगळा दिसतो, म्हणून दोघांची कुळे निराळी. हे ते ज्या कोवळिकीने सांगत, त्या कोवळिकीने माझ्या नव्या बांगड्यांकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मी सोळा वर्षांची ठोंबी. मनाशी म्हणे, ह्या सवतीला हात पाच, मला मेलीला दोनच. कशी पुरी पडणार?

सर्वांत सले ती कच्छहून आलेली एक शिळा. तिच्यात युगांपूर्वीचा भंगुरतारा अखंड उमटला होता. एका सकाळी हे नदीवर गेले असता मी ती देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, हळदकुंकू वाहिले, आणि आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, म्हटले, "शाळिग्रामच दिसतोय." एकदा सोवळ्यात गेलेला देव पारोशाने शिवायची सोय नाही. केवढी मी धोरणी!

दुसऱ्या पहाटे स्नान करून, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून हे देवापुढे हजर. भिंगासकट.

"अगं बाई, माझ्या लेकराला देव सुचला की!" आत्याबाईंचे डोळे भरले. "सूनबाई, लय गुणाची हायस. रोज ह्याच्यापाशी बस, गंध उगाळून दे." आणि त्या समाधानाने चुलीकडे वळल्या.

मानही वर न करता हे पुटपुटले, "तोंडात हळद भरलीय त्याच्या. पाच जबडे हायत, एकही दिसायला नाही."

"मग धुवा की!" मी फणकारले.

"धुतो की, कुंचल्यानं. ये इकडं, भिंग धर."

मी धरले. त्यांचा श्वास माझ्या मनगटावर, नखांत ओली हळद, आणि नजर मात्र दगडावर. जवळ बसूनही मी जळतच होते. मेल्यावर ह्याचे सांधे सुटतात, मणका न् मणका विखुरतो, ते सांगत होते. गाळाने तत्क्षणी झाकले तरच एखादा असा अखंड राहतो.

ह्यांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. ज्यांच्यावर मी सुखासमाधानाने माया केली, त्यांच्या आठवणी सांध्यासांध्यांतून सुटून गेल्या: कुणाचा नुसता आवाज उरला, कुणाची रुमाल बांधायची लकब. हे तेवढे, नखांतल्या ओल्या हळदीसकट, जसेच्या तसे आहेत. काळाचा हात पोचण्याआधीच माझ्या मत्सराने त्यांना झाकून घेतले होते.