डावं-उजवं

तेराव्या वर्षी किर्सीच्या अंगावर वय उतरलं ते डावं-उजवं करतच उतरलं. उजवी छाती भरली, डावी मात्र होती तशीच राहिली. पहिल्यांदा लक्षात आलं ते धाकट्या पिरिताच्या. तिघी सौन्यात, लाकडी वाफेच्या न्हाणीत, उघड्या अंगाने वरच्या फळीवर बसल्या होत्या, आई हिल्का तापलेल्या दगडांवर पाणी टाकत होती, आणि सात वर्षांची पिरिता बोट दाखवून ओरडली, "आई, किर्सीला एकच आलंय!"

"सौन्यात कुणाकडे बघायचं नसतं," आई म्हणाली. मग मोठीकडे न बघताच, "किर्सी, भिंतीकडे सरक."

संपलं. त्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं. किर्सी डाव्या भिंतीला चिकटून बसली, डावं अंग लाकडाकडे, उजवं जगाकडे. तो कोपरा तिचा झाला तो कायमचा. नातेवाईक आले, पाहुण्या आल्या, फळीवर दाटीवाटी झाली, तरी तो कोपरा रिकामा राखला जाई. का, ते कुणी विचारत नसे आणि ठाऊक सगळ्यांना असे. आमच्या फिनलंडात प्रेम हे असं करतात, तोंड शिवून.

पुढे इसाल्मी गावात ती चष्म्याच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या वाकवून सरळ करायची. "कुणाचेच कान एका पातळीत नसतात हो," असं ती हसून सांगायची आणि माणसं खूश होऊन जायची. स्वतःला मात्र हे शहाणपण तिला कधी पुरलं नाही. आयुष्यात दोन पुरुष येऊन गेले. दोघांनाही तिने दिवा विझवूनच जवळ येऊ दिलं. पण फिनलंडात उन्हाळ्यात अंधार आणायचा कुठून? दोघंही उन्हाळ्यातच गेले.

बेचाळिसाव्या वर्षी तिने मनाशी पक्कं केलं. एकदा, फक्त एकदा, फळीच्या मधोमध बसायचं. दोन्ही बाजूंना माणसं, आणि आपण मध्ये, पाठ ताठ. बाकी काही नको होतं तिला. सुंदर दिसायची हौस नव्हती, पुरुषाची आस तर कधीच सरली होती. सरळ दिसायचं होतं, बस्स.

समुद्रापलीकडे, एस्टोनियातल्या टॅलिनला अर्धं फिनलंड जातं. कुणी दात करून घ्यायला, कुणी केस, कुणी नुसतीच बियरची खोकी आणायला. बोटीत बसलं की दुपारपर्यंत पलीकडे. ओळखीचं कुणी भेटायची भीती नाही, भेटलंच तर तेही काहीतरी लपवायलाच आलेलं असतं. किर्सीने आईला सांगितलं की सुट्टीवर चाललेय, आणि वसंतात, सरोवरावरचा बर्फ अजून कडक असताना, जाऊन ऑपरेशन करून आली. दोन्हीकडे इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनच्या पिशव्या, बसवले, डावीकडे मोठा, उजवीकडे लहान, आणि वरून छातीभोवती आधाराचा पट्टा.

एस्टोनियन भाषा म्हणजे फिनिशची सख्खी चुलतबहीण. निम्मं समजतं आणि उरलेलं निम्मं दगा देतं. त्यांच्याकडे लग्नाला जो शब्द, तो आमच्याकडे अडचणीला. यावर बोटीत दोन्ही बाजूची माणसं पोट धरून हसतात. किर्सीही हसली होती.

पहिल्या तपासणीला ती पुन्हा गेली तेव्हा नर्स कात्रे, जिचं फिनिश अगदी आमच्यासारखं होतं, ती दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. डॉक्टरने थंड बोटांनी दोन्हीकडे दाबून पाहिलं. मग अर्ध्या आपल्या, अर्ध्या तिच्या भाषेत म्हणाला, "पारेम, खाली. पारेम. पट्टा." आणि हात हवेत फिरवला.

फिनिशमध्ये 'पारेम्पी' म्हणजे अधिक बरं. शेपूट गळालं म्हणून काय झालं, शब्द तोच! बरं आहे. खाली येतंय, बरं आहे. सगळीकडे तेच तर लिहिलेलं असतं की सुरुवातीला इम्प्लांट वर बसतात आणि मग हळूहळू उतरतात. बरं आहे, तर आता पट्टा कशाला?

"समजलं ना?" त्याने विचारलं.

बाहेर माणसं खोळंबली होती. कामातल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारून त्रास द्यायचा म्हणजे आमच्याकडे चोरी केल्यासारखं. "समजलं," किर्सी म्हणाली.

परतीच्या बोटीवर तिने पट्टा काढून पिशवीत टाकला. डेकवर वाऱ्यात उभी राहिली, आणि कितीतरी वर्षांनी कोटाची बटणं उघडी ठेवली.

मध्ये कात्रेचा फोन आला. "कशा आहात?"

"काही विशेष नाही." फिनलंडात माणूस मरायला टेकला तरी हेच सांगतो.

बर्फ वितळला, सरोवर मोकळं झालं. आरशात मात्र भलतंच दिसू लागलं. डावीकडचं गळ्याखाली घट्ट बसलेलं, वाटीसारखं कडक. उजवीकडचं उतरत होतं, उतरतच होतं. आधी तिला वाटलं, डावंही येईल मागून, वाट बघू. मग एका सकाळी उजवीकडची जखमेची रेघ, जी घडीत लपायला हवी होती, ती वर, उघड्यावर दिसली. पिशवी तिच्याखाली सरकली होती. किर्सी न्हाणीघराच्या फरशीवर बसली आणि उठलीच नाही, दुकानातून फोन येईपर्यंत.

मग तिने स्वतः टॅलिनला फोन लावला.

"उजवीकडे पट्टा लावताय ना खालून?" कात्रेने विचारलं.

"पट्टा? डॉक्टर तर म्हणाले बरं आहे म्हणून."

"बरं? असं म्हणाले? नेमका शब्द काय होता?"

"पारेम."

कात्रेचा आवाज अगदी हलका झाला. "किर्सी, आमच्याकडे पारेम म्हणजे उजवं. त्याचा अर्थ 'अधिक बरं' असाही होतो, पण ते उजवं म्हणाले. उजवं खाली चाललंय, आधार द्या, असं."

किर्सी हसली. फोनवर दुसरं काय करणार? "अच्छा," ती म्हणाली, "असं होय." फोन ठेवल्यावर ती स्वतःला इतक्या घाण शिव्या देत राहिली की त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. एक शब्द. तोंड उघडून एकदा 'काय म्हणालात?' एवढं विचारलं असतं तर!

डॉक्टरने बोलावून तपासलं. या खेपेला कात्रे शेजारी उभी होती, एकेक शब्द फोडून सांगत होती. आता कातडी ताणली गेलीय. निदान वर्षभर थांबायचं, मग पुन्हा उघडायचं. डावीकडे पिशवीभोवती धरलेलं कडक कवच काढायचं, उजवीकडे आतून टाके. होईल का सरळ? डॉक्टरने खांदे उडवले. त्याचा तर्जुमा कात्रेने केला नाही.

मग युहान्नुस आला. मध्य-उन्हाळ्याचा सण, आणि सणाला आईकडे सौना. न जाऊन चालणार नव्हतं. या सणाला सौना टाळणारी बाई एकतर बाळंतीण असते नाहीतर मेलेली. दारावर भूर्जाच्या डहाळ्या लावलेल्या, चुलीवर नवे बटाटे, संध्याकाळ झाली तरी सरोवरावर लख्ख ऊन. किर्सी टॉवेल गुंडाळून सौन्याच्या दारात उभी राहिली.

"टॉवेल?" आतून पिरिता खिदळली. "हॉटेलात आलीयस का, बाई? ये लवकर, राणीसाहेबांची जागा राखून ठेवलीय!"

आणि खरंच ठेवली होती. डाव्या भिंतीचा कोपरा, स्वच्छ पुसून, नवी चटई घालून. तिथे बसलं तर उजवं अंग खोलीकडे. जागा बदलून मागावी तर कारण सांगावं लागणार. मधोमध बसायचं स्वप्न तर कधीच समुद्रात गेलं होतं. तिने टॉवेल खुंटीला अडकवला आणि तशीच उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

पिरिताचं हसू मध्येच तुटलं. ती आपल्या पायाच्या बोटांकडे बघू लागली.

उजव्या भिंतीशी बसलेल्या हिल्काने मान वळवली नाही. दगडांच्या चुलीकडेच बघत ती उठली, सत्तरीचे गुडघे करकरले, पाण्याची बादली उचलून ती पिरिताच्या पुढून पलीकडे गेली आणि किर्सीच्या कोपऱ्यात, नव्या चटईवर जाऊन बसली.

"मला आज तिकडे फार भाजतंय," ती म्हणाली. "माझ्या जागी तू बस. सरक, भिंतीकडे."

किर्सी वर चढली. उजवं अंग लाकडाला टेकवून बसली. आईच्या अंगाने ती फळी अजून ऊबदार होती. एवढा समुद्र ओलांडला, अंग चिरून घेतलं, आणि एवढं सगळं करून तिने फक्त कोपरा बदलला होता. आणखी तीस वर्षं या भिंतीशी बसायचं. ती रडू लागली. सौन्यात सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, तेवढी एक सोय होती.

हिल्काने दगडांवर पाणी टाकलं. वाफ वर चढली, तिघींच्या खांद्यांवर उतरली.

"पारेम्पी?" आईने विचारलं. आता बरं?

किर्सीला तो शब्द समुद्रापलीकडचाच ऐकू आला: उजवं?

"पारेम," ती म्हणाली. "हो आई. पारेम."

हिल्काला वाटलं, शेवटचं अक्षर वाफेत विरलं. लेकीला बरं वाटतंय म्हणून तिने आणखी एक डावभर पाणी दगडांवर टाकलं.