मेस्त्री वाकले

गॅरेजात मेस्त्री दिवसभर एका उंच स्टुलावर ताठ बसून असायचे. कमरेला रुंद पट्टा आवळलेला. तिथून ते हुकूम सोडायचे आणि गाडीत डोकं खुपसायचं काम त्यांचा मेहुणा करायचा. पूर्वी हेच मेस्त्री बॉनेटखाली शिरले की जेवायची शुद्ध नसायची. मग एकदा गिअरबॉक्स उतरवताना कमरेत उसण भरली, ती कायमची घर करून बसली. गोळ्या झाल्या, शेक झाला, तेलं जिरवून झाली. पहिल्या डॉक्टरांनी “वाकू नका” म्हटलं होतं. ते काही दिवसांपुरतं असावं, पण घरात त्याचा कायदाच झाला. खाली पडलेली किल्ली बायको उचलायची आणि बुटांच्या नाड्याही तीच बांधायची. मेस्त्रींना त्याची भयंकर लाज वाटायची.

फिजिओथेरपीच्या नव्या दवाखान्यात तिनेच त्यांना जवळजवळ ढकलत नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने जुने रिपोर्ट पाहिले, पाठ तपासली, पट्टा काढायला लावला आणि काडेपेटीएवढी दोन यंत्रं त्यांच्या पाठीवर चिकटवली, एक कमरेशी आणि एक जरा वर. समोरच्या पडद्यावर एक राखाडी माणूस उभा राहिला.

“हा कोण आता?” मेस्त्रींनी विचारलं.

“तुम्हीच. हलून बघा.”

मेस्त्री डावीकडे झुकले. तोही झुकला. उजवीकडे झुकले, तोही झुकला. मेस्त्रींना एकदम हसूच फुटलं.

“आता ते स्टुलावरचं पेन उचला,” डॉक्टर म्हणाली.

मेस्त्रींनी श्वास रोखला, दात आवळले, गुडघे मुडपले आणि पेन उचललं. पडद्यावरच्या माणसाची पाठ फळीसारखी सरळच्या सरळ राहिली आणि यंत्र टूंटूं वाजायला लागलं.

“बिघडलंय हे,” मेस्त्री म्हणाले. “पाठ तर मी एकदम सरळ ठेवली होती.”

“म्हणूनच वाजतंय. तुमच्या पाठीत आता मोडलेलं काही नाही, मेस्त्री. तेव्हाची दुखापत कधीच भरून आली. पण पाठीला ते कुणी सांगितलंच नाही. ती अजून अंग आवळून पहारा देतेय. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखणार नाही का?”

मेस्त्री पडद्याकडे बघत राहिले. मग एवढ्या जोरात ओरडले की बाहेर बसलेला पेशंट आत डोकावला.

“हँडब्रेक! म्हणजे मी हँडब्रेक ओढून गाडी चालवतोय!”

“अगदी तेच. आता सोडा तो. श्वास सोडत, पाठ गोल करत खाली या.”

बायको खुर्चीतून उठलीच. “अहो, हळू!”

मेस्त्रींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी श्वास सोडला आणि ते वाकले. पडद्यावरच्या माणसाची पाठ हळूहळू कमान झाली. यंत्र गप्प होतं. हात गुडघ्यांपर्यंत पोचले, मग गुडघ्यांच्याही खाली.

“दुखतंय?”

“दुखतंय. पण... नेहमीसारखं नाही. पुन्हा करू?”

ती यंत्रं काही दिवस घरी न्यायला मिळाली आणि मेस्त्रींच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी पलंगाखालचं सगळं बाहेर काढलं. शेजाऱ्यांना बोलावून वाकून दाखवलं. स्वतःच्या नाड्या स्वतः बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. “पुरे आता,” असं बायको म्हणत होती, पण ऐकतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कूस बदलता येईना.

“गेली,” ते छताकडे बघत म्हणाले. “गेली माझी कंबर.”

बायकोने रागारागाने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, पायांत मुंग्या, बधिरपणा आहे का ते विचारलं, आणि ‘नाही’ कळल्यावर म्हणाली, “काही मोडलेलं नाही. इतक्या वर्षांनी एका दिवसात एवढं काम काढलंत, कंबर कुरकुरणारच. यंत्र लावा आणि थोडंसंच वाका. झोपून राहू नका.”

बायकोने यंत्रं चिकटवली. मेस्त्री जेमतेम झुकले आणि टूंटूं सुरू झालं.

“श्वास रोखलाय तुम्ही,” मोबाइलवरच्या ताठ राखाडी माणसाकडे बघत बायको म्हणाली. “सोडा बघू.”

त्यांनी श्वास सोडला. आवाज थांबला. दुपारपर्यंत ते घरभर चालत होते, आणि आता भीती बरीच ओसरली होती. दुखलं म्हणजे मोडलं असं नसतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. त्यानंतर ते रोज करत राहिले, पण बेतानं. पट्टा कपाटात गेला. पुढे पुढे यंत्राचीही गरज वाटेना.

एके दिवशी गॅरेजात एक जुनी व्हॅन आली. तेल गळत होतं आणि कुठून ते कळत नव्हतं. मेहुणा सकाळपासून झटत होता.

“भाऊजी, मी हात टेकले,” तो म्हणाला.

“सरक बाजूला.”

बायको डबा घेऊन आली तेव्हा तिला व्हॅनच्या खालून बाहेर आलेले ओळखीचे दोन पाय दिसले.

“अहो!”

“ओरडू नकोस, श्वास रोखला जातो माझा!” खालून आवाज आला. “सापडलं, अगं! सील गेलंय! ह्या पठ्ठ्याला वरून दिसणार कसं? इकडे ये, बघ तरी!”

“दुखतंय का?”

“थोडं. ते राहू दे, आधी तो चौदाचा पाना दे!”

मेहुण्याने पाना शोधून बहिणीच्या हातात ठेवला. तिने डबा बाकावर ठेवला, उकिडवी बसली आणि वाकून गाडीखाली पाहिलं. मेस्त्रींचं तोंड तेलाने माखलं होतं आणि ते कानापासून कानापर्यंत हसत होते.