एका डोक्यापुरता हातमोजा

झोप उडावी असं माझ्यासारख्याच्या आयुष्यात काही नसतं. मी निळ्या रबराचा एक पातळ हातमोजा. पण माझ्या मालकिणीची झोप कशाने उडाली होती ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिचा हात दिवसभर माझ्यातच असायचा. आपल्या हाताला हे जे काही झालंय ते लेकीला लागलं तर? एवढी एकच काळजी, पण ती तिला रात्ररात्र पुरायची.

हे जे काही म्हणजे बोटांच्या बेचक्यांत उठलेलं बारीक पुरळ, तडकलेली पेरं आणि मीठ चोळल्यासारखी आग.

ती पार्लरमध्ये केस रंगवायची. तिच्याच हातचा रंग हवा म्हणून बायका ताटकळत बसायच्या. तीन बाटल्यांतलं थोडंथोडं वाटीत घेऊन ती ब्रशने ढवळायची आणि बरोब्बर हवी ती छटा आणायची. ते काही कुठल्या पुस्तकात नसतं, हातातच असावं लागतं.

माझा जन्म कारखान्यातला. चिनीमातीचा एक हात पातळ रबरात बुडवला, वाळवला, सोलला, की झालो मी. आमच्यात उजवा-डावा असा भेद नसतो. खोक्यात आम्ही शंभर भावंडं होतो आणि खोक्यावर छापलेलं होतं, ‘एकदाच वापरा.’ म्हणजे आमचं आयुष्य एका डोक्याचं. एक डोकं रंगवून झालं की कचऱ्याची बादली. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

आमचा खोका मागच्या खोलीतल्या कपाटावर होता. पार्लरच्या बाई सगळ्यांना बजावायच्या, “मोजे नाहीत असं कोणी म्हणायचं नाही हं. आख्खा खोका वर ठेवलाय.” वर म्हणजे स्टूल आणून, टाचा उंचावल्यावर हाताला लागेल इतका वर. समोर डोकं भिजवून बाई बसलेली असताना स्टुलावर कोण चढणार?

म्हणून ती मला टाकायची नाही. एक डोकं झालं की मला ओरबाडून काढायची, तसा मी आपोआप उलटा व्हायचो. ओल्या रंगाची बाजू आत, कोरडी बाजू बाहेर. मग फुंकर मारून माझी बोटं फुगवायची आणि मला पुन्हा चढवायची. का, तर पुढच्या बाईच्या कपाळाला डाग पडू नये. मी एकटाच अकरा दिवस टिकलो. भावंडं एकेका डोक्याची आणि मी अकरा दिवसांचा! माझ्यात काहीतरी विशेष आहे, म्हणून मला जपतात, अशी माझी समजूत. आता आठवलं की लाज वाटते.

रंग धुवायची वेळ आली की ती मलाही काढून ठेवायची आणि म्हणायची, “मोज्यातून कळत नाही गं रंग निघाला की नाही. बोटांनाच कळतं.”

पार्लरच्या बाई एकदा तिचा हात बघून चरकल्या. “अगं, काय करून घेतलंयस हे! घरी भांडी घासणं बंद कर.”

“केव्हाच बंद केलंय. नवरा घासतो. कढईचा दांडा तेवढा लख्ख असतो.”

“मग निदान इथे तरी मोजा घालून धू.”

“एकच तर डोकं उरलंय. एवढ्याने काय होतंय!”

हे ती रोज म्हणायची. लेक रोज ऐकायची, कारण शाळा सुटली की ती पार्लरच्या कोपऱ्यात बाहुली घेऊन बसायची. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून तिचं नाव खारूताई. आणि गंमत बघा, या खारूताईची वेणी घालायची म्हटलं की माझी मालकीण स्टूल आणायची, वर चढायची आणि कोऱ्या मोज्यांची जोडी काढायची.

“आई, तुझे हात कुठे गेले?” खारूताईने एकदा विचारलं.

“आहेत गं, आत आहेत. बरे झाले की देते तुला.”

अखेर ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. वापरातला मोजा आणा, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं म्हणून पर्समध्ये मलाही घेतलं.

“मोजे केव्हा केव्हा घालता?” त्यांनी विचारलं.

“रंग लावताना. आणि मुलीची वेणी घालताना.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “मुलीची वेणी?”

“तिला लागू नये म्हणून. मी तिला हातच लावत नाही आता.”

“अहो, हे कुणाला लागत नसतं. किती दिवस झाले?”

“सव्वीस,” ती म्हणाली. मोजायला तिला वेळ लागला नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी मला चिमटीत धरून उलटा केला. आतून मी काळा-तपकिरी होतो, बोटांच्या टोकांपर्यंत. “हा रंग आत कसा आला?”

“मी उलटा करून घालते ना. म्हणजे गिऱ्हाइकाच्या कपाळाला…” आणि ती मध्येच थांबली.

मीही तेव्हाच समजलो. ज्याला बाहेर अडवायचं होतं, त्याला मीच आत नेऊन दिवसभर तिच्या कातडीवर दाबून धरत होतो. अकरा दिवस. आणि माझ्याआधीही माझी भावंडं अशीच कुणीकुणी जपलेली असणार.

पाठीवर निरनिराळ्या रसायनांच्या पट्ट्या लावून तपासलं, तेव्हा निदान पक्कं झालं. केसांच्या रंगाची ॲलर्जी, आणि तीही कायमची. हात बरे होतील, पण पुन्हा रंगात घालता येणार नाहीत.

“मला वाटलं, खोका आणला की झालं,” पार्लरच्या बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून खोका उतरवला आणि बेसिनशेजारी टांगला. शेजारी हात पुसायला कोरडा टॉवेल ठेवला आणि मलमाची डबी. हे सगळं दोन वर्षांपूर्वी, ती इथे कामाला लागली तेव्हाही, तितकंच सोपं होतं.

आता माझी मालकीण दाराजवळच्या टेबलावर बसते, फोन घेते, वेळा लिहिते. नवी मुलगी वाटीत रंग ढवळायला लागली की हिची बोटं टेबलावर नकळत गोल फिरतात. मला उभा चिरून, आतली बाजू वर करून, तिने बेसिनवरच्या भिंतीला काचेमागे लावलंय. नव्या मुली मला बघून नाक मुरडतात. मुरडा बायांनो, पण मला नीट बघा. माझ्यासारख्याला एका डोक्यानंतर टाकून द्या. आम्हाला जपू नका.

काल खारूताईने बाहुलीला बेसिनपाशी निजवलं, वाटीत चहाचं पाणी घेतलं आणि ब्रशने तिचे केस रंगवायला बसली. माझी मालकीण खुर्चीवरून उठली. तिचे हात आता बरे झालेत. तिने लेकीच्या गालावरून उघडा हात फिरवला, टांगलेल्या खोक्यातून कोरी जोडी काढली आणि म्हणाली, “खारूताई, आधी हे घाल बघू.”

खारूताईने मान वर न करताच सांगितलं, “एकच तर डोकं उरलंय, आई. एवढ्याने काय होतंय!”