पारा कालवणारी

अकरा वर्षं मी डॉक्टर फणसोपकरांच्या दवाखान्यात पारा कालवला. अख्ख्या रत्नागिरीत लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. त्यांच्या हाताला कशाला, मेल्यांनो? दाढेत भरायची चांदी मी करत होते! खलात चांदीची पूड टाकायची, वर पारा ओतायचा, घोटायचं, मग फडक्यात घेऊन अंगठ्याने पिळायचं. जास्तीचा पारा टपटप बाहेर. उरलेली मऊ गोळी तळहातावर मळून डॉक्टरांपुढे धरायची. ते ती चिमट्याने उचलायचे, बोट म्हणून लावायचे नाहीत. मला वाटायचं, काय टापटिपीचा माणूस!

पिळून निघालेला थोडा पारा मी घरी न्यायचे. तांदळात टाकला की सोंडे होत नाहीत, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. चोरून नाही नेला हो, विचारून नेला. "ने की," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात कधी बाटली सांडली तर थेंब फरशीभर पळायचे आणि मी केरसुणी घेऊन हसत त्यांच्यामागे. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

शहाऐंशी सालच्या शिमग्यात माझे हात थरथरायला लागले. कप धरला की चहा बशीत. हिरड्यांतून रक्त. चिडचिड अशी, की नवरा जेवण वाढून घेऊन पडवीत बसायचा. शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, "अगो गोदे, कुणाची तरी नजर हाय. देवाला गाऱ्हाणं घाल." घातलं. नारळ झाला, कोंबडा झाला, हात काही थांबले नाहीत. मग एक दिवस गोळी पेशंटच्या शर्टावर पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "गोदा, तू आता आराम कर. तुझी मालन मॅट्रिक झाली ना? तिला पाठव. तिचे हात स्थिर आहेत."

आणि मी त्यांच्या पाया पडले! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मालन माझी एकुलती एक. दवाखान्यात जायला लागली आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी घरी आली ती हातात एक कागद घेऊन. पाऱ्याच्या खोक्यात असला इंग्रजी कागद नेहमीच असायचा. डॉक्टर म्हणायचे फेकून दे, मी फेकायचे. मालनने तो वाचला होता.

"आये, उघड्या हाताने शिवायचं नाही असं लिहिलंय. बाटलीला झाकण हवं, खिडक्या उघड्या हव्यात. सांडला तर झाडायचा नाही, त्याची वाफ होते, ती दिसत नाही. अंगात गेली तर हिरड्या सुजतात, हात..."

पुढे तिने वाचलं नाही. माझ्या हातांकडे बघत राहिली.

मी आधी तांदळाचा डबा उचलला आणि परसात खड्डा करून सगळे तांदूळ पुरले. या पोरीला इतकी वर्षं त्यातलाच भात वाढला होता मी. मग तिला घेऊन तशीच दवाखान्यात गेले.

खुर्चीत लांज्याचा एक गृहस्थ आ वासून बसला होता, दाढ कोरून तयार. "बरं झालं आलीस," डॉक्टर म्हणाले. "मालन, घे कालवायला."

"हातमोजे द्या," मालन म्हणाली.

"हातमोजे? इथे कुठे मिळतात? तुझ्या आईने कधी मागितले नाहीत."

"आयेला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का?"

डॉक्टर चिमटा पुसायला लागले. "बोला ना!" मी ओरडले.

"अगं, सांगितलं असतं तर उगाच घाबरली असतीस."

"घाबरले असते! घाबरले असते, तर आज हात धड असते माझे!"

खुर्चीतला गृहस्थ ऊं ऊं करत तोंडाकडे बोट दाखवायला लागला. त्याला त्याच्या दाढेची घाई. डॉक्टरांनी खल माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, "मग तू दे कालवून. तुझं काय, व्हायचं ते झालंच आहे."

मी काही बोलायच्या आत मालनने खल ओढला. मला करायला लागू नये म्हणून. मी तिचा हात झटकला. "शिवलीस तर याद राख!" आणि खल उचलून डॉक्टरांच्या पुढ्यात आदळला. "पेशंट तुमचा, दाढ तुमची. कालवा."

डॉक्टरांनी पेशंटकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून टेबलाचा खालचा खण उघडला. आतून रबरी हातमोजे काढले, एकेक बोट नीट बसवत घातले आणि पारा ओतला.

हातमोजे कोरे नव्हते. अंगठ्यापाशी पिळून पिळून काळे पडले होते. माझ्या रजेच्या दिवशी पारा कोण कालवतं, हे अकरा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.